ताजी चीर

वास मला सगळ्यांच्या आधी आला.

गिरोलीचा घाट चढायला लागून दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. जीपच्या मागच्या बाकावर मी पूजेचं ताट मांडीवर घेऊन बसले होते. समोर सासूबाई आणि माझे यजमान विद्याधर. पुढे तातोबाकाका गाडी चालवत होते, त्यांच्या शेजारी मामंजी आणि दाराकडेला जावईबापू अरविंदराव, म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. लग्नाला अकरावा दिवस होता. चैत्रातली यात्रा होऊन गेली होती, गर्दी ओसरली होती, म्हणून नव्या जोडप्याला जोतिबाच्या पायावर घालायला आम्ही इस्लामपुराहून सकाळीच निघालो होतो. वन्संना सातवा महिना, त्या घरी राहिल्या होत्या.

तापलेल्या पाण्याचा, गंजाचा आणि त्यात मिसळलेला तांब्याचा आंबूस वास. मी पदर नाकाशी धरला आणि बाहेर बघत बसले.

थोड्या वेळानं तातोबाकाका म्हणाले, "मालक, टेंपरेचरचा काटा चढलाय. बाजूला घेतो जरा."

"घाट आहे म्हटल्यावर काटा चढणारच," अरविंदराव म्हणाले. "आमच्या कारखान्याच्या गाड्या काय थांबत बसतात? चल तू. वर जाऊन निवंल."

जावयाच्या शब्दावर शब्द टाकायची त्या घरात पद्धत नव्हती. तातोबाकाकांनी आरशातून मागं एकदा बघितलं. कुणाकडं बघितलं ते तेव्हा मला कळलं नाही. गाडी आणखी दोन वळणं चढली, आणि बॉनेटच्या फटींतून फस्सकन वाफ आली. पुढची काच पांढरी झाली.

"आता तरी थांबू का?" तातोबाकाका म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी एका करंजाच्या सावलीत गाडी लावली, मागच्या चाकाला दगड घातला.

आम्ही सगळे उतरलो. अरविंदरावांनी शर्टाच्या बाह्या मागं सारल्या. ते साखर कारखान्याच्या शेतकी विभागात होते, पण कारखान्यात आहेत म्हटल्यावर यंत्रातलं सगळं कळतं असं आमच्या घरी सगळेच धरून चालायचे, आणि तेही. ते थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला निघाले.

"हात लावू नका साहेब!" तातोबाकाका ओरडलेच. "भाजून निघाल. निवू द्या अर्धा तास."

सगळ्यांसमोर ड्रायव्हरनं असं ओरडावं, हे अरविंदरावांना लागलं. ते मागं झाले, पण चेहरा उतरला नाही, चढला.

अर्ध्या तासानं तातोबाकाकांनी ओलं गोणपाट टाकून झाकण हळूहळू फिरवलं. उरलीसुरली वाफ गेली. आत बघायला अरविंदराव पुढं झाले.

"रिकामा आहे! ठणठणीत. मामा, हे बघा. पाणीच नाही यात."

"सकाळी काठोकाठ भरलंय," तातोबाकाका म्हणाले. "रोजच्यापेक्षा दोन तांबे जास्तच बसलं. तेव्हाच मी विचारलं होतं, काल संध्याकाळी गाडी कुठं गेलती का म्हणून."

"कुठं जाणार? मळ्यापर्यंत नेऊन आणली मी," अरविंदराव म्हणाले. "त्याचा काय संबंध?"

"गळतंय कुठंतरी, साहेब."

अरविंदराव खाली वाकले, एक नजर टाकली, उठले. "कुठं गळतंय? दाखव. एक थेंब नाही खाली. पाणी घालायचं विसरलास ते कबूल कर की. माणूस आहे, विसरतो."

थेंब असणार कुठून? होतं तेवढं पाणी वाटेत गळून, उरलेलं उकळून गेलं होतं, आणि तापलेल्या पत्र्यानं ओल चाटूनपुसून घेतली होती. रिकाम्या रेडिएटरची गळ डोळ्यांनी सापडत नाही. त्यात पाणी भरावं लागतं आणि थांबावं लागतं. हे मला पाचवीत असल्यापासून ठाऊक होतं.

ते कसं ठाऊक होतं, हे आता सांगायला हवं. आम्ही तांबट. माझ्या आजोबांचा हंडे-घागरी ठोकण्याचा धंदा होता. स्टील आलं, तो बसला. मग माझ्या वडिलांनी, अण्णांनी, कऱ्हाडला स्टँडच्या मागच्या बाजूला रेडिएटर दुरुस्तीचं दुकान घातलं. रेडिएटरही तांब्या-पितळेचाच, सांधायचा डागही कथलाचाच; हात तेच राहिले, फक्त भांड्यांच्या जागी ट्रकच्या जाळ्या आल्या. आम्ही दोघी बहिणी. शाळेतून आल्यावर मी दुकानात बसायची. अण्णा रेडिएटरची तोंडं बंद करून तो हौदात बुडवायचे, पंपानं हवा मारायचे, आणि बुडबुडा जिथून येईल तिथं बोट ठेवायचं काम माझं. "हेमाचं बोट चुकत नाही," अण्णा गिऱ्हाइकांना सांगायचे. जुनी गळ कशी ओळखायची, तर तिथं हिरवट-पांढरा थर साचलेला असतो, जसा न घासलेल्या समईवर. नवी गळ असली की पितळ आतून चकचकीत दिसतं. मार लागून फुटलेलं वेगळं, तापून सुटलेलं वेगळं. हे सगळं मला न शिकवता आलं होतं.

माझं लग्न जमवलं वसंतमामानं. सासरची माणसं आमच्यातलीच, पण इस्लामपुरात त्यांचं भांड्यांचं मोठं दुकान, मळा, दारात जीप. बोलणी करताना मामानं सांगितलं, "मुलीच्या वडिलांचं तांब्या-पितळेचं काम आहे." तसं ते खोटं नव्हतं. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं मला बाजूला घेतलं. "तिकडं गेल्यावर दुकानाचं फार काढत बसू नको. काळ्या हाताचा धंदा आहे, उगीच एखादा बोलून दाखवील." मी मान हलवली. मलाही ते हवंच होतं. लग्नाआधी महिनाभर मी लिंबाच्या साली चोळचोळून नखांतला काळेपणा काढला होता.

आणि आता त्या करंजाखाली हिरवी साडी नेसून मी बसले होते. विद्याधर आणि तातोबाकाका खालच्या वस्तीवरून पाण्याचे दोन डबे घेऊन वर आले. डबे सावलीत आमच्यापाशी ठेवून विद्याधर धापा टाकत बसले. तातोबाकाका जीपकडं गेले.

सासूबाई मला म्हणाल्या, "हेमा, पोरगं दमलंय. तू नेऊन दे गं एक डबा."

मी डबा घेऊन गेले. मामंजी आणि अरविंदराव पलीकडं रस्त्याच्या कडेला बोलत उभे होते. तातोबाकाकांनी डबा घेतला, पाणी ओतलं, आणि आवाज न करता ते पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले. मला काय वाटलं कोण जाणे, मीही वाकले.

पाणी भरल्यावर थोडा वेळ काहीच दिसत नाही. मग खालच्या टाकीच्या कडेला, जिथं ती जाळीला जोडलेली असते, तिथं एक बारीक मणी धरला. फुगला. पडला. लगेच दुसरा. माझं बोट आपोआप पुढं गेलं आणि त्या जागेवर टेकलं.

बोटाखाली चीर होती. तीन-चार बोटं लांब. टाकीचा कोपरा आत चेपलेला, त्या चेपेवर ओरखडा, आणि ओरखड्यात पितळ नव्या नाण्यासारखं चमकत होतं. हिरवा थर नाही, गंज नाही. कालचा मार होता. चेपेच्या कडेला वाळलेल्या काळ्या मातीचा पोपडासुद्धा तसाच होता, त्यात उसाच्या पाचटाची एक काडी. मळ्यातल्या बांधावर, नाहीतर पाटाच्या दगडावर, गाडी पुढून आपटली होती, आणि आपटणारा माणूस दहा पावलांवर उभा राहून मामंजींना ड्रायव्हर लोकांचा निष्काळजीपणा समजावून सांगत होता.

"बघितलंत?" तातोबाकाका हळूच म्हणाले.

मी बोट मागं घेतलं. "काय?"

"वहिनीसाहेब, मी दाखवलं तर म्हणतील आपली कातडी वाचवतोय. तुम्ही नुसतं म्हणा, इथं नवी चीर दिसतीय. एवढंच. बाकी मालक समजून घेतील." ते थांबले. मग आणखी खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला कळतंय त्यातलं. तुमच्या वडिलांच्या, पोटफोड्यांच्या दुकानात मी तुम्हाला बघितलंय. हौदापाशी."

अकरा दिवस हा माणूस मला ओळखत होता, आणि त्यानं चकार शब्द काढला नव्हता.

"तुमची काहीतरी चूक होतीय," मी म्हणाले. "मला काय कळणार गाडीतलं?"

ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. समोरच्याचं वाक्य नीट ऐकू आलं नाही की माणूस बघतो तसं.

"काय चाललंय तिकडं?" अरविंदरावांनी हाक मारली.

"काही नाही, पाणी दिलं," मी म्हणाले, डबा उचलला आणि झाडाखाली येऊन बसले. ओलं बोट पदरात पुसलं.

पुढचं सगळं मी झाडाखालून बघितलं. तातोबाकाकांनी हत्यारांच्या पेटीतून कपड्याच्या साबणाची वडी काढली. चाकापाशी आडवे होऊन ती वडी त्यांनी चिरेत दाबून दाबून भरली. अण्णाही अडल्या-नडल्याला ट्रकवाल्यांना हेच सांगायचे. साबण फुगतो, तास-दोन तास गळ धरून ठेवतो. मग त्यांनी रेडिएटर पुन्हा भरला, गाडी सुरू केली, आणि जीप मुकाट वर चढली. काटा जागचा हलला नाही.

"बघा," अरविंदराव वर पोचल्यावर म्हणाले. "पाणी घातलं, चालली. गळत असती तर चालली असती का?"

साबणाची वडी हेच त्याला उत्तर होतं. तातोबाकाकांनी ते सांगायचा प्रयत्नही केला. "साबण लावलाय मालक, म्हणून—"

"पुरे," मामंजी म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. "नवी सून गाडीत, देवाला निघालेलो. विसरलास ते एक विसरलास. वर जावयाकडं बोट दाखवतोस. चौदा वर्षांत मी तुला असा बघितला नव्हता, तातोबा. घरी गेल्यावर किल्ली दे."

तातोबाकाका "बरं" म्हणाले.

आम्ही पायऱ्या उतरून देवळात गेलो. गुरवानं गुलाल लावला, खोबरं उधळलं. मी देवापुढं डोकं टेकवलं तेव्हा काय मागितलं ते मला अजून आठवतं. मी मागितलं, तातोबाकाकांनी घरी कुणाला दुकानाचं सांगू नये.

त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते किल्ली द्यायला आले, तेव्हा जीपखाली पाण्याचं थारोळं होतं. साबण सुटला होता. अरविंदराव ओसरीवर चहा पीत होते. ते म्हणाले, "पाण्यावाचून तापवला, फुटला. फुटणारच." मामंजी दुकानाला गेले होते. तातोबाकाकांनी सासूबाईंना विचारलं, "खोलून कऱ्हाडला टाकून येऊ का? नवीन माणूस आला तर त्याला गाडी चालू तरी मिळंल." सासूबाई "या" म्हणाल्या. तातोबाकाकांनी दीड तासात रेडिएटर काढला, पोत्यात घातला, खांद्यावर मारला आणि स्टँडकडं चालू लागले. मी माडीच्या खिडकीतून बघत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

कऱ्हाडला रेडिएटरची दुकानं तीन होती. ते कुठल्या दुकानात जाणार, ते मला न सांगता कळलं.

पाचव्या दिवशी दुपारी दारात अण्णा उभे. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी, आणि खांद्यावर तेच पोतं. अरविंदराव तोवर आपल्या गावाला गेले होते. मामंजी नुकते जेवून झोपाळ्यावर टेकले होते. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले.

"या पाव्हणं," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही कशाला ओझं उचललंत? निरोप दिला असता तर कुणीतरी आलं असतं."

"पोरीला बघायचं होतं. म्हटलं जातोय तर घेऊन जावं." अण्णांनी पोतं ओसरीवर ठेवलं आणि टोपी काढून घाम पुसला. नखांमधून काळ्या रेघा तशाच दिसत होत्या.

"मागं याची वरची टाकीसुद्धा तुम्हीच केली होती, नाही का?" मामंजी म्हणाले. "तीन वर्षं झाली. काही म्हणून त्रास नाही."

"हां, तातोबा घेऊन आला होता."

मी दाराची चौकट धरली. म्हणजे यांना ठाऊक होतं. लग्नाआधीपासून ठाऊक होतं. वसंतमामाची ती वाक्यं, लिंबाच्या साली, जोतिबाकडं मागितलेलं मागणं. लपवायला काही नव्हतंच. आमची जात केवढीशी! कुणाचं काय दुकान आहे ते सांगली-साताऱ्यात कुणाला ठाऊक नसणार? हे मला इतक्या दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं.

अण्णांनी पोतं सोडलं. खालच्या टाकीला नवा पत्रा, त्यावर कथलाचा डाग सरळ रेघेत. "हा कोपरा बदलला," ते बोटानं दाखवत म्हणाले. "मालक, गाडी शेतात घालता का तुम्ही? खालून दगडाचा मार होता. चांगला जोराचा. एकदम ताजी चीर."

"तापून फुटला ना तो?" मामंजींनी विचारलं.

"छे. तापून सुटला तर डाग सुटतो, पत्रा चेपत नाही. हा चेपला होता. माती अडकली होती त्यात. पाणी कितीही भरा, घाटात हा टिकणार नव्हता. तातोबानं साबण भरून वर नेला म्हणून नशीब, नाहीतर इंजिन धरून जाम झालं असतं."

झोपाळ्याच्या कड्या करकरायच्या थांबल्या. मामंजी पाय टेकून सरळ बसले. मग म्हणाले, "तातोबा काही म्हणाला का तुम्हाला?"

"कशाबद्दल?"

"नाही. असंच."

म्हणजे नोकरी गेल्याचं त्यांनी अण्णांना सांगितलं नव्हतं. अण्णा आपल्या नादात होते. त्यांची नजर मला शोधत दाराकडं वळली. "हेमा, ये की बाहेर. आणि काय गं, तू होतीस ना गाडीत? तुझ्या कसं लक्षात आलं नाही?"

मी बाहेर आले. तोंड उघडलं. बोलायची वेळ तीच होती. आता धंद्याची लाज नव्हती, मामाचा शब्द नव्हता, जावईबापू समोर नव्हते. पण आता बोलायचं म्हणजे मला दिसलं होतं हे सांगायचं, आणि दिसल्यावर मी काय केलं तेही.

अण्णांनीच मला वाट करून दिली. "तातोबाला मी विचारलं. म्हटलं, आमची पोरगी बरोबर असून असं कसं झालं? तो म्हणाला, त्या लांब झाडाखाली बसल्या होत्या, गाडीजवळ आल्याच नाहीत."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपात थांबला.

"होतीस ना झाडाखाली?" अण्णा म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "झाडाखालीच होते."

"वाटलंच मला." अण्णांचा चेहरा उजळला. ते मामंजींकडं वळले आणि भर ओसरीवर, ज्या घरात मी त्यांचं नावसुद्धा नीट काढलं नव्हतं त्या घरात, अभिमानानं सांगू लागले. "नाहीतर हिच्या नजरेतून सुटत नाही, मालक. लहानपणापासून हिचं बोट चुकलं नाही. हिनं नुसतं वाकून बघितलं असतं, तर तिथल्या तिथं सांगितलं असतं."

मामंजींनी मान हलवली. "झालं ते झालं," ते म्हणाले. जावयाला बोलावून विचारणं त्यांना शक्य नव्हतं, आणि त्याला न विचारता तातोबाकाकांना परत बोलावणंही नव्हतं. तातोबाकाका पुन्हा आमच्याकडं आले नाहीत. दोन महिने घरी बसून मग ते एका वीटभट्टीवर ट्रॅक्टर चालवायला लागले, असं मागाहून कळलं.

अण्णा संध्याकाळच्या गाडीनं गेले. मी दिवे लावून आत आले तेव्हा सासूबाई एकट्याच होत्या.

"पाण्याचा डबा मी तुझ्याकडं दिला होता," त्या म्हणाल्या.

"हो."

त्या माझं पुढचं बोलणं येईल म्हणून थांबल्या. मग त्यांनी विळी पुढं ओढली आणि भाजी चिरायला घेतली. त्यानंतर तेवीस वर्षं त्या माझ्याबरोबर एका घरात राहिल्या, शेवटच्या आजारात मी त्यांचं सगळं केलं, पण हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मीही नाही.

अण्णा आणखी बारा वर्षं जगले. मी माहेरी गेले की दुकानात कुणी ना कुणी ट्रकवाला बसलेला असायचाच. अण्णा मला त्याच्यासमोर उभं करायचे आणि जोतिबाच्या घाटाची गोष्ट सांगायचे. अरविंदरावांनी कशी गाडी आपटली हे त्यांना कधी कळलंच नाही, त्यामुळं त्यांच्या गोष्टीत चूक कुणाचीच नसायची. फक्त एवढंच, की त्यांची हेमा लांब झाडाखाली बसली होती. गोष्ट संपली की ते माझ्याकडं बघायचे. "हिनं बघितलं असतं तर सांगितलं असतं. काय गं?"

"हो अण्णा," मी म्हणायची.